स्ट्रक्चरल ऑडिट, सॉइल टेस्ट, एसटीपी: सोसायटीने कशाला किती पैसे मोजावेत

इमारतीला तीस वर्षं झाली आणि महापालिकेची नोटीस आली, की ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, कमिटी तीन कोटेशनं मागवते. तिन्हींवर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ असंच लिहिलेलं असतं, पण रकमा तिप्पट-चौपट फरकाच्या. सर्वसाधारण सभेत हमखास स्वस्तातलं मंजूर होतं, कारण वरचं शीर्षक तेच. फरक आतल्या पानावर असतो. एकात नुसती डोळ्यांनी पाहणी, दुसऱ्यात हॅमरचे वीस ‘पॉइंट’, तिसऱ्यात प्रत्येक फ्लॅटची पाहणी, कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल), कार्बोनेशन आणि हाफ-सेल या चाचण्या. या तीन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची किमतीवरून तुलनाच होत नाही.

हे परीक्षण कुठल्या एका फर्मचं नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या निरनिराळ्या शाखा या दोन शहरांतल्या सोसायट्यांना ज्या सेवा विकतात, त्यांचं आहे. स्ट्रक्चरवाला, मातीवाला, पाणी-सांडपाण्यावाला, मोजणीवाला, रस्ते-वाहतूकवाला आणि या सगळ्यांकडून काम करून घेणारा प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाला, हे सगळे ‘सिव्हिल’च, पण कॉलमची ताकद सांगणारा माणूस एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटला) वास का येतो हे सांगू शकेलच असं नाही. सेवा जोखायची आमची कसोटी साधी आहे: आकडा कुठे मोजला, कशाने मोजला आणि त्यातून निष्कर्ष कसा काढला, हे अहवालात लिहिलंय का?

स्ट्रक्चरल ऑडिट

सगळ्यात जास्त विकली जाणारी आणि सगळ्यात जास्त फसवणारी सेवा हीच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. सोसायट्यांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी. म्हणजे नोटीस येईपर्यंत तुमची दोन-तीन ऑडिटं आधीच बुडालेली असतात.

चांगलं ऑडिट घराघरांतून सुरू होतं. ‘प्रातिनिधिक’ दहा फ्लॅट पाहून केलेल्या ऑडिटला आम्ही अर्धेच गुण देऊ. इमारतीचा सगळ्यात वाईट भाग बहुधा कुणाच्या तरी बाथरूमच्या खालच्या स्लॅबमध्ये असतो, आणि तो पीओपीच्या फॉल्स सीलिंगमागे दडलेला असतो. इंजिनिअरने सीलिंगचं एक पॅनेल उघडायला लावलं तर कुरकुर करू नका. घरमालकाने पाडलेली भिंत, बाल्कनी आत घेऊन वाढवलेली खोली, गच्चीवरच्या जादा टाक्या, बीमला भोक पाडून नेलेला एसीचा पाइप, हे सगळं नकाशावर खुणेसह यायला हवं. एका मजल्याच्या नकाशावर कॉलमना नंबर, आणि प्रत्येक तक्रार, फोटो नि रीडिंग त्या नंबरला बांधलेलं. फोटोखाली नुसतं ‘बीमला तडा’ असेल तर तो फोटो कुठल्याही इमारतीचा असू शकतो.

आता चाचण्या. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर ठोकून उसळी मोजणारं हत्यार) सर्वात स्वस्त, म्हणून सर्वात लाडका. त्याला कळते ती फक्त वरची २० ते ३० मिमी कातडी. कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेलं जुनं काँक्रीट वरून टणक होतं, त्यामुळे हॅमर खऱ्यापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त ताकद दाखवू शकतो. सगळं नीट केलं तरी अंदाज ±२५ टक्क्यांचा. वाशी-नेरुळमधल्या पस्तीस वर्षांच्या इमारतीत हॅमरवर ताकद ‘२८’ आली म्हणून पेढे वाटू नयेत. हे काम बघायला कमिटीतल्या एकाने तरी उभं राहावं. प्लॅस्टर काढलं का? काँक्रीटचा पृष्ठभाग दगडाने घासून सपाट केला का? सकाळी ऐरणीवर हॅमर ठोकून रीडिंग ८० च्या आसपास येतंय हे पाहिलं का? प्लॅस्टरवरूनच टकाटक मारून वीस आकडे लिहून घेणारे कमी नाहीत.

अल्ट्रासॉनिक पल्स, म्हणजे यूपीव्ही, कॉलमच्या आरपार जाते. दोन समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून ट्रान्सड्यूसर दाबायचे आणि ध्वनिलहर किती वेळात पोचली ते पाहायचं. २३० मिमी जाडीच्या कॉलममधून ६६ मायक्रोसेकंदांत लहर आली तर वेग सेकंदाला साधारण ३.५ किमी; ८२ मायक्रोसेकंद लागले तर २.८. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या कोष्टकाप्रमाणे ३.५ ते ४.५ चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. आत पोकळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं खडीचं जाळं किंवा तडा असला की लहर वळसा घेते आणि वेळ वाढतो. मात्र सळईच्या रेषेतच मोजलं तर वेग फसवा जास्त येतो, आणि मध्ये प्लॅस्टर राहिलं तर फसवा कमी. जाडी टेपने मोजली की नकाशावरून घेतली, हेही विचारा. २३० च्या जागी प्रत्यक्षात २१० निघालं तर आकडा तिथेच चुकला.

हॅमर आणि यूपीव्ही एकत्र केल्यावरच काही अर्थ लागतो. तरीही त्यातून ‘ताकद’ कळत नाही, त्यासाठी कोअर. एका भागातून किमान तीन. सळई आधी डिटेक्टरने शोधून, सळई न कापता. आणि काढलेलं भोक त्याच दिवशी नॉन-श्रिंक ग्राउटने बुजवून. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) म्हणतं की कोअरच्या समतुल्य ताकदीची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको.

इथे एक गफलत इतक्या अहवालांत दिसते की तिच्यावर थोडं थांबायलाच हवं. समजा १९८६ च्या इमारतीत तीन कोअर १४.१, १२.६ आणि १३.२ न्यूटन/चौ. मिमी आले. अहवाल लिहितो: ‘एम२० अपेक्षित, निष्कर्ष असमाधानकारक, इमारत पाडण्यायोग्य’. (एम२० म्हणजे २० न्यूटन/चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट.) पण १९८६ मध्ये १९७८ ची आयएस ४५६ चालू होती आणि तिच्यात आरसीसीला एम१५ चालत असे; किमान एम२० ची अट २००० च्या आवृत्तीतून आली. इमारत एम१५ ला डिझाइन केली असेल तर सरासरी १२.७५ हवी, आली १३.३. एकेक कोअर ११.२५ च्या वर हवा, सगळ्यात कमी १२.६. काँक्रीट तिच्या काळाच्या अटीत बसतंय! इमारत तेवढ्याने सुरक्षित ठरत नाही, कारण सळई गंजली असेल तर प्रश्न वेगळाच आहे. पण पाडायचं कारण म्हणून हा आकडा टिकत नाही. मूळ आरसीसी ड्रॉइंग म्हणूनच शोधावीत: बिल्डरकडे, महापालिकेच्या किंवा सिडकोच्या दप्तरी, नाहीतर जुन्या सचिवांच्या माळ्यावर.

सळईबद्दल. आपल्याकडच्या इमारती काँक्रीट चिरडून क्वचित जातात, गंजाने जातात. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक आत शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. हे तपासायची चाचणी सगळ्यात सोपी आणि पैशाला सगळ्यात चोख: काँक्रीटचा ताजा कपचा उडवायचा आणि फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. जांभळट गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून जिवंत. रंगच आला नाही तेवढी खोली कार्बोनेट झाली. आता पट्टी लावा. सळईवर काँक्रीटचं कव्हर २५ मिमी आणि बिनरंगी पट्टा ३२ मिमी, तर सळई ७ मिमी आधीच उघडी पडली आहे, बाहेरून प्लॅस्टर कितीही गुळगुळीत असो. चार कॉलमवर केलेली ही एवढी चाचणी हॅमरच्या चाळीस रीडिंगपेक्षा जास्त सांगून जाते.

दुसरा शत्रू मीठ. खाडीकाठची हवा तर आहेच, शिवाय कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरावर उतरणारी खाडीची रेती जुन्या बांधकामांत सर्रास वापरली गेली. ती गोड्या पाण्याने धुतली नसेल तर मीठ काँक्रीटच्या पोटातच बसलं. आयएस ४५६ ची मर्यादा आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलो क्लोराइड. सळईच्या खोलीवरून ड्रिलने भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यायची. त्यातच १९८०-९० च्या दशकांतली पीळ दिलेली टॉर सळई गंजाला चटकन बळी पडते. सळई गंजली की गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा मागतो, काँक्रीट आतून ढकललं जातं आणि कॉलमच्या कोपऱ्याला सळईच्या रेषेत उभा तडा जातो. आडव्या-तिडव्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. हा उभा तडा मात्र सोडू नका. मीठ काय करू शकतं याचं घरचंच उदाहरण हवं असेल तर वाशीचा पहिला खाडीपूल घ्या. तो १९७३ चा. त्याच्या प्रीस्ट्रेसिंग केबलना (काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या तारांना) गंजाने गाठलं, आणि शेजारी १९९७ मध्ये दुसरा पूल उभा राहिला.

हाफ-सेल चाचणीत तांबं-मोरचूदच्या इलेक्ट्रोडने सळईचा विद्युतदाब मोजतात. उणे ३५० मिलीव्होल्टपेक्षा जास्त ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे २०० पर्यंत फारशी नाही, मधलं सगळं अनिश्चित. त्यासाठी एका ठिकाणी सळई उघडी करून तार जोडावीच लागते. कुठेही काँक्रीट न फोडता हाफ-सेलची रीडिंग आली असतील तर ती ऑफिसात बसून आली आहेत.

शेवटी वर्गवारी. सी१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी३ म्हणजे किरकोळ. ऑडिटरने वर्ग लिहिला की त्याखाली कोणत्या कॉलम-बीमच्या कोणत्या रीडिंगमुळे, हे आलंच पाहिजे. रिडेव्हलपमेंटच्या घाईत असलेल्या कमिटीला सी१ हवा असतो आणि घर न सोडणाऱ्यांना सी२बी. दोघांनाही हवा तो वर्ग देणारे बाजारात मिळतात. आमचा सल्ला: फी ठरवताना निष्कर्षाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही.

एकूण, नीट केलेल्या ऑडिटला ५ पैकी साडेचार. नुसत्या पाहणीच्या सर्टिफिकेटला शून्य. वॉटरप्रूफिंगवाल्याच्या ‘मोफत ऑडिट’ला त्याहून खाली गुण देता येत नाहीत म्हणून तेही शून्यच.

दुरुस्ती आणि देखरेख

ही शाखा लोकांना शाखाच वाटत नाही. कॉन्ट्रॅक्टर काम करतो, मग कन्सल्टंट कशाला? उत्तर मापात आहे. दुरुस्तीची निविदा काढताना किती चौरस फूट काँक्रीट फुटणार हे कुणालाच नक्की माहीत नसतं. चिपिंग केल्यावरच, म्हणजे खराब काँक्रीट फोडल्यावरच आतलं दिसतं. म्हणून अंदाजपत्रक फुगतं, आणि फुगवायलाही तिथेच वाव असतो. फोडलेला प्रत्येक पॅच रंगाने नंबर टाकून, कमिटी-कन्सल्टंट-कॉन्ट्रॅक्टर तिघांनी मिळून मोजून, मेजरमेंट बुकात सही झाल्यावरच मोर्टार लावायला परवानगी द्यावी. एकदा प्लॅस्टर चढलं की खाली काय होतं ते देव जाणे आणि मिस्त्री जाणे.

पद्धत अशी असायला हवी. आधी टेकू: वरचा भार घेणारे स्टीलचे प्रॉप, आणि ते फक्त त्याच मजल्यावर नाही तर खाली जमिनीपर्यंत एकाखाली एक. मग हातोडीने ठोकत पोकळ आवाज येईल तेवढं काढायचं, आणि गंजलेल्या सळईच्या मागेही २० ते २५ मिमी जागा मोकळी करायची. ही पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. सळईची फक्त दर्शनी बाजू घासून रंगवली तर मागचा गंज आपलं काम चालूच ठेवतो. त्यानंतर तारेचा ब्रश आणि रस्ट रिमूव्हर, सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी, मग गंजरोधक कोट. नंतर बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच मोर्टार. सकाळी बाँड कोट मारून जेवून आल्यावर मोर्टार लावला, तर वाळलेला कोट चिकटवण्याऐवजी दोघांना वेगळं ठेवणारा पापुद्रा होतो. दोन पावसाळ्यांत तो पॅच अख्खा हातात येतो. पॉलिमर मोर्टार एका वेळी १० ते १५ मिमीच्याच थरांत. क्युरिंगमध्ये हयगय नको.

मालाचा हिशेब कुणीही करू शकतं, आणि जवळजवळ कुणीच करत नाही. २५ मिमी जाडीचा १,००० चौरस फूट पॉलिमर मोर्टार म्हणजे सुमारे २.३ घनमीटर, वजनाने साडेचार टनांच्या पुढे. सिमेंट आणि क्वार्ट्‌झ वाळू १:३ धरली आणि पॉलिमर सिमेंटच्या वजनाच्या १५ टक्के, तर सिमेंट साधारण १,०५० किलो, म्हणजे २१ गोण्या, आणि पॉलिमर १५० ते १६० किलो. वॉचमनच्या वहीत २० किलोचे आठ डबे आत आल्याची नोंद हवी. बिलात १,००० चौरस फूट आणि केबिनमागे रिकामे तीनच डबे, तर भिंतीवर साधं सिमेंटच चढलं आहे. रिकामे डबे काम संपेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. सील फोडताना मोजा आणि शेवटी पुन्हा मोजा.

जॅकेटिंगबद्दल एकच गोष्ट. तळमजल्याचा कॉलम चारी बाजूंनी जाड केला, पण जॅकेट पायाच्या फुटिंगपासून सुरू झालं नाही आणि वर स्लॅबमधून सळया आरपार गेल्या नाहीत, तर त्या नव्या काँक्रीटवर भार पोचतच नाही. महागडा झगा झाला तो. पॅच दुरुस्तीचीही एक मर्यादा आहे, आणि ती अहवालांत क्वचितच लिहिलेली असते: मीठ असलेल्या काँक्रीटमध्ये एक तुकडा नवा भरला की त्याच्या कडेला लागून असलेल्या जुन्या भागात गंज वाढतो. ‘परवाच तर इथे काम केलं होतं, आता शेजारीच फुगलं’ ही तक्रार बहुतेक वेळा कामचुकारपणाची नसून याची असते.

गच्चीच्या कोब्याला वेगळा परिच्छेद द्यावा इतकं नुकसान त्याने केलं आहे. सरासरी साडेचार इंची ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या वर वजन टाकतो. वापरातल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरलेला चल भार (माणसं-सामानाचं वजन) चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास. जुना कोबा गळतोय म्हणून त्याच्यावरच दुसरा चढवणं म्हणजे गच्चीवर कायमची गर्दी उभी करणं. जुना काढूनच नवा करा, उतार १०० ला १ ठेवा, आणि ४८ तास पाणी साठवून खालच्या घरांतून पाहा.

कन्सल्टंटची फी बिलाच्या टक्क्यावर ठरवायची प्रथा आहे. बिल वाढलं की फी वाढते, तेव्हा बिल आवरायची गोडी त्याला कुठून येणार? ठोक रक्कम आणि आठवड्याच्या भेटी ठरवून द्या, प्रत्येक भेटीची लेखी नोंद मागा. चांगल्या देखरेखीला ५ पैकी ४. एक गुण या टक्केवारीने खाल्ला.

मातीची तपासणी

रिडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यात कमी पैसे लागणारी आणि कात्री सगळ्यात आधी लागणारी ही बाब. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळचा खाडीकडचा पट्टा म्हणजे वर भराव, खाली काळा चिकट खाडीचा चिखल, त्याखाली मुरूम आणि मग बेसॉल्ट. येऊरच्या पायथ्याला, घोडबंदरकडे चित्र अगदी उलटं: वर डोंगरावरून आलेली माती आणि तिच्यात मोठाले दगड.

बोअरमध्ये एसपीटी करतात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पाडायचा, नळी ४५ सेंमी ठोकायची आणि शेवटच्या ३० सेंमीला किती घाव लागले ते मोजायचे. तो एन-व्हॅल्यू. खाडीच्या चिखलात कधी कधी नळी नुसत्या वजनानेच खाली जाते, घाव मोजायची वेळच येत नाही. साधारण एक एकर प्लॉटला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर, असं आयएस १८९२ (माती तपासणीचं मानक) सुचवतं. ‘दोन पुरेत’ म्हणणाऱ्याला विचारा, उरलेल्या दोन कोपऱ्यांखाली काय आहे.

घोडबंदरच्या बाजूला नेहमीची चूक म्हणजे मोठ्या दगडाला खडक समजून बोअर थांबवणं. खडक लागल्यावरही ३ ते ५ मीटर आत जायला हवं. कोअर-बॉक्स मागवून स्वतः पाहा. लाकडी पेटीत खोलीच्या खुणांसह दगडाच्या कांड्या रचलेल्या असतात. १० सेंमीपेक्षा लांब कांड्यांची एकूण लांबी भागिले त्या टप्प्याची लांबी, हा आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे याचं माप. पेटीत कांड्या कमी आणि चुरा जास्त, पण अहवालात ७५ टक्के आरक्यूडी, असं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

उभ्या इमारतींनाही ही शाखा लागते, फक्त कुणी बोलवत नाही. खाडीकाठच्या सोसायट्यांत जिन्याची पहिली पायरी आवाराहून वीतभर उंच झालेली असते, पेव्हर ब्लॉक इमारतीकडून उतरते आणि ड्रेनेजचं चेंबर तिरकं. रहिवाशांना वाटतं इमारत खचली. इमारत बहुधा पाइलवर (जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर), खडकावर टेकून उभी असते. खचतोय तो भोवतीचा भराव, कारण खालचा चिखल भरावाच्या वजनाने हळूहळू पाणी सोडत दबत चालला आहे. इमारतीतून बाहेर पडणारा सांडपाण्याचा पाइप नेमका या सांध्यावर तुटतो, मैला जमिनीत मुरतो आणि शेजारच्या पिण्याच्या टाकीला तडा असला तर तिथेही पोचतो. उपाय म्हणून दर दोन वर्षांनी डेब्रिज टाकून आवार उंच करतात. ते नवं वजन चिखलाला आणखी दाबतं आणि आवार आणखी बसतं. त्यापेक्षा बाहेर पडणारे पाइप लवचीक जोडाने घ्या, चेंबर इमारतीपासून थोडं दूर हलवा आणि भराव वाढवणं थांबवा.

नवी इमारत उठणार असेल तर पाइलचं भोक रिकामं करून तळ साफ केला का, यावर कुणीतरी उभं असलंच पाहिजे. तळाशी चिखल राहिला तर काँक्रीट खडकावर टेकतच नाही. आणि बसणारा चिखल पाइलला मदत करत नाही, उलट खाली ओढतो. डिझाइनमध्ये हा जादा भार धरला आहे का, एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस सावरून बसतो. मातीवाल्या सेवेला ५ पैकी ५, जर बोअर प्रत्यक्षात मारली गेली असतील तर.

पाणी आणि सांडपाणी

८० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला ५४,००० लिटर. मीटरवर याच्या दीडपट येत असेल तर ‘लोक पाणी फार वापरतात’ म्हणण्याआधी रात्री दोनला टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून मीटर पाहा. काटा फिरत असेल तर गळती आहे. यासाठी इंजिनिअरची गरजही नाही. गळती नेमकी कुठे, यासाठी आहे.

खाडीकाठच्या जमिनीखालच्या टाकीबद्दल एक इशारा. भर पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना टाकी धुवायला पूर्ण रिकामी करू नका. बाहेरचं पाणी टाकीच्या तळापेक्षा २ मीटर वर असेल तर तळाला चौरस मीटरमागे २ टनांचा धक्का खालून बसतो. रिकामी टाकी उचलली जाते किंवा तळ तडकतो. सफाई मे महिन्यात उरकावी.

पर्जन्य जलसंधारणाच्या सेवेने आमची निराशा केली, कारण जागा न पाहता सगळीकडे एकच शोषखड्डा विकला जातो. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिमी पाऊस. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी १० लाख लिटर. पण खाडीकाठी पावसाळ्यात भूजल हाताच्या अंतरावर आणि चिखल पाणी शोषत नाही. तिथे शोषखड्डा म्हणजे डासांचा हौद. गाळून साठवण करा आणि फ्लशिंगला वापरा. वरच्या भागात, मुरूम असलेल्या जागी, बोअरवेल पुनर्भरण ठीक चालतं.

एसटीपीची देखभाल हा नव्या टॉवरमधला नेहमीचा वाद. बहुतेक ठिकाणी एमबीबीआर असतं: टाकीत प्लॅस्टिकची चाकं फिरतात, त्यांवर जिवाणू वाढतात आणि ते घाण खातात. त्यांना हवा लागते. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवला की जिवाणू गुदमरतात आणि सकाळी सडक्या अंड्यांचा वास पोडियमवर येतो. मेलेला थर पुन्हा वाढायला दोन-तीन आठवडे जातात. ऑपरेटरला रोज विरघळलेल्या ऑक्सिजनचं रीडिंग लिहायला लावा, ते २ मिग्रॅ/लिटरच्या आसपास हवं. प्रयोगशाळेचा अहवाल दर महिन्याला शेवटच्या आकड्यापर्यंत सारखाच येत असेल तर नमुना बदललेला नाही, तारीख बदलली आहे. फ्लशचं पाणी पिवळट आणि वासाचं झालं की रहिवासी टँकरची मागणी करतात आणि प्लँट कायमचा बंद पडतो. दोष यंत्राचा थोडा, देखभालीच्या कराराचा जास्त. ५ पैकी अडीच.

मोजणी आणि वाहतूक

सर्व्हेअरला दोन कामं द्यायची असतात आणि सोसायट्या एकच देतात. डीम्ड कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं) किंवा रिडेव्हलपमेंटसाठी हद्दीची मोजणी सगळे करून घेतात. तिथे खाजगी टोटल स्टेशनचा (मोजणी यंत्राचा) नकाशा तयारीसाठी चांगला, पण शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेखची अधिकृत मोजणीच लागते. दुसरं काम म्हणजे पातळ्यांचं. बाहेरचा रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला आणि आवार वाटीसारखं खोल राहिलं, ही आता दोन्ही शहरांतली गत आहे. पंप घेण्याआधी आवारात दर ५ मीटरवर आणि रस्त्याच्या गटाराच्या तळाची पातळी काढून घ्या. आवारातल्या चेंबरचा तळ रस्त्याच्या गटाराच्या तळापेक्षा खाली निघाला तर कितीही मोठा पाइप टाकला तरी पाणी उलटंच येणार, आणि मग पाणी जमा करायची टाकी (सम्प) व पंपाला पर्याय नाही. निघाला वर, तर नुसती गाळसफाई पुरते. अर्ध्या दिवसाच्या लेव्हलिंगने पंपाचा खर्च वाचतो; ५ पैकी ५.

वाहतूक सल्लागार सोसायटीला क्वचित लागतो आणि त्याचा अहवाल बहुधा पार्किंगच्या रेघांवर संपतो. त्याच्याकडून एक मात्र घ्यावं: अग्निशमन गाडीचा वळणमार्ग आणि पोडियम स्लॅब तिचा भार घेतो की नाही याचं स्ट्रक्चरवाल्याच्या सहीचं पत्र. गाडीच्या वाटेवर ८० मिमीचे पेव्हर ब्लॉक, पायवाटेला ६० चालतात. ब्लॉकखाली वाळूचा थर दाबल्यावर ४० मिमीच्या आत. त्याहून जाड गादी घातली की पहिल्याच पावसात चाकोरी पडते.